पोह्यांना दोन विशेषणं

पत्नी गेल्यावर दीड महिन्याने तिच्या इंग्रजीच्या वर्गातल्या तिघी जणी दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं, पुन्हा भेटायला आल्या असतील. मी खुर्च्या मांडल्या. त्या बसल्या आणि तिघींनी पिशव्यांतून वह्या काढल्या.

"भाऊजी, आता तुम्हीच शिकवा," त्यांच्यातल्या मोठ्या वहिनी म्हणाल्या. त्यांचे यजमान फॅक्टरीत, आणि त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. "हिचा इंटरव्ह्यू आहे. वीस दिवस राहिले फक्त."

'ही' म्हणजे शहराबाहेरच्या तिलवारा भागातून येणारी, तिथल्या एका घरची पंचविशीतली सून. सिविल लाइन्समधल्या एका शाळेत शिशुवर्गासाठी बाई हव्या होत्या. तिचं शिक्षण पुरेसं होतं, मुलांची आवडही होती, पण मुलाखत इंग्रजीत. याआधी दोन शाळांमधून ती एकेका शब्दाचं उत्तर देऊन परत आली होती. ही तिसरी. यानंतर घरचे पुन्हा पाठवणार नाहीत, हे तिने मान खाली घालून सांगितलं.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. तिथे बोलणं हाच गुन्हा. शिकवणारी होती ती माझी पत्नी. शाळेतून निवृत्त झाल्यावर रोज चार वाजता ती बाहेरच्या खोलीत हा वर्ग घ्यायची आणि मी आत पुस्तक घेऊन बसायचो. बाहेरून हसण्याचे आणि बशांचे आवाज यायचे. या बायका शिकतात कमी आणि खातात जास्त, असं माझं मत होतं.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. एका कागदावर डावीकडे विशेषणं, उजवीकडे उभयान्वयी अव्ययं लिहिली. एकाच बाजूचे दोन गुण असले तर मध्ये 'अँड', विरुद्ध असले तर 'बट', कारण सांगायचं तर 'बिकॉज', परिणाम सांगायचा तर 'सो'. नीट रेघा आखून दिल्या. उभयान्वयी हा शब्द ऐकताच वहिनींनी मोठी जांभई दिली आणि दुसऱ्या जणीने, कमानिया गेटजवळ शिवणकाम करणारीने, वहीत ब्लाउजचा गळा काढायला घेतला. सून मात्र सगळं उतरवून घ्यायची. विचारलं की म्हणायची, "द पेन इज ब्लू." आणि गप्प. पुढे काहीतरी जोड, म्हटलं की जमिनीकडे बघायची.

आठवडा असाच गेला. शेवटी वहिनींना राहवलं नाही. "भाऊजी, तुम्ही काहून एवढं लिहून राहिले? ताई तर आम्हाला खाऊ घालून शिकवायच्या."

तेव्हा मला त्या बशांचा उलगडा झाला. रोज एकीने घरून काहीतरी करून आणायचं. बाकीच्यांनी एक घास घ्यायचा आणि त्या पदार्थाचं पूर्ण वाक्य म्हणायचं. दोन विशेषणं, मध्ये जोडणारा शब्द. वाक्य झाल्याशिवाय दुसरा घास नाही. चौतीस वर्षं जिच्याबरोबर राहिलो, तिचा हा नियम मला परक्या बाईकडून कळला. वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र गंमत वाटली, तिचं एक न वाचलेलं पान हाती लागावं तशी.

"मग उद्या मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" तिघी एकदम.

मी जन्मात पोहे केले नव्हते. भिजत घातले आणि वर्तमानपत्र वाचायला बसलो, तिथेच बिघडलं. मीठ एकदा घातलं, मग घातलं की नाही आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. कढईतून जे निघालं ते चमच्याला सोडायला तयार नव्हतं.

शिवणवालीने घास घेतला आणि डोळे मिटले. "द पोहा इज सॉफ्ट अँड यलो."

वहिनी म्हणाल्या, "यलो अँड हॉट. अँड नाइस."

"आणि 'बट'?" मी विचारलं. "काल तुम्हीच सांगितलं ना, माझ्या बायकोची भजी तेलकट झाली तर तिलाही तोंडावर 'बट' म्हणायचं म्हणून?"

"त्यांची गोष्ट वेगळी, भाऊजी." वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या. "घरचा मोठा पुरुष, त्यातून आत्ताच असं झालेलं घर. तुम्ही हाताने केलं. त्याला कोणी नाव ठेवतं का?"

खरंच होतं. आमच्या घरांतून मोठ्यांपुढे 'पण' म्हणायची सोयच नसते. पण-बिण काही नाही, हे ऐकतच मुली मोठ्या होतात. शोकाच्या घरी तर जे पानात पडेल ते गोड. अशाने वीस दिवसांत काय, वीस वर्षांतही कोणाच्या तोंडून वाक्याचा 'बट'नंतरचा भाग निघाला नसता.

सुनेने बशी खाली ठेवली. कपाळावर घाम. "काका," ती म्हणाली, आणि मग एका दमात, "द पोहा इज यलो अँड सॉफ्ट, बट टू सॉल्टी, सो प्लीज गिव्ह मी वॉटर!"

वहिनींना असा ठसका लागला की पाणी त्यांनाच आधी द्यावं लागलं. शिवणवाली हसत हसत म्हणाली, "काका, भिंतीला लावा, पोपडे भरून निघतील!" मीही हसलो. त्या घरात माझं स्वतःचं हसणं मला बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं.

त्यानंतर सून थांबेना. शेजाऱ्यांचं कुत्रं लहान पण रागीट, नवरा शांत पण आळशी, म्हणून पाण्याची मोटर तीच लावते, हे सगळं आम्हाला इंग्रजीतून कळलं.

मुलाखतीला नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी सोबत गेलो. बाहेर बाकावर बसलो. अर्ध्या तासाने ती आली ती रडवेली होऊन.

"काका, सत्यानाश. मोठ्या मॅडमनी विचारलं, आमची शाळा कशी वाटली. मी चांगलं बोलून राहिली होती, बिग अँड ब्यूटिफुल. मग तोंडातून निघूनच गेलं: बट द गेट इज हेवी, सो स्मॉल चिल्ड्रन कॅनॉट पुश इट."

"मग?"

"मग काय! मॅडम खिडकीतून बघत राहिल्या, बोलल्याच नाही. तुमच्या 'बट'नं घात केला जी."

परतताना ऑटोत मी स्वतःलाच दोष देत होतो. भलती सवय लावली पोरीला.

चौथ्या दिवशी वर्ग चालू असताना तिचा फोन वाजला. ती उभी राहून "येस मॅम, येस मॅम" म्हणत राहिली. फोन ठेवला आणि वहिनींच्या गळ्यातच पडली. "सोमवारपासून! मॅडम म्हणाल्या, पहिले पंधरा दिवस लवकर या आणि लहान मुलांसाठी गेट तुम्ही धरा, तोवर आम्ही नवीन बसवतो."

सोमवारी सकाळी मी फिरायला जाताना मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. पाठ लावून तिने ते लोखंडी गेट अडवून धरलं होतं आणि तिच्या हाताखालून दप्तरं आत शिरत होती. "कम, कम! चलो जल्दी! स्लोली बट फास्ट!" ती ओरडत होती. त्या मुलांना ते बरोबर समजत होतं.