रिव्हॉल्वरचं दावं

आमच्या थोरल्या मामांचा नेम चुकलेला पाहिलेला माणूस अख्ख्या येरमाळ्यात शोधून सापडायचा नाही. गोफण हे त्यांचं हत्यार. ती कमरेला गुंडाळल्याशिवाय मामा उंबरा ओलांडत नसत. मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभे राहिले तेव्हाही कोटाखाली गोफण होतीच, आणि मामी हे सांगताना अजून कपाळावर हात मारून घेत. ज्वारी हुरड्यात आली की मामा शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढत, पण जन्मात त्यांनी पाखरू मारलं नाही. "पाखरू मारण्यात काय हाय? कुनालाबी जमंल. त्याच्या बुडाखालचं कणीस हलवून दावा की!" म्हणत. आणि खरोखर हलवत. खडा ज्वारीच्या ताटाला लागे, पाखरू उडे, कणसाचा दाणा सांडत नसे. मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. ऐकीव असतं तर मीच हसलो असतो.

दुसरं म्हणजे, मामांना जगात एकच खरेदी येत होती, बैलाची. त्यामुळे ते सगळंच बैलासारखं घेत. मामीसाठी शिलाई मशीन आणायला गेले, तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, पाठीवर थाप मारली आणि दुकानदाराला विचारलं, "मारकं न्हाय न्हवं?" लेकीला पाहायला आलेल्या मुलालाही त्यांनी अंगणात चार पावलं चालून दाखवायला लावलं होतं. तो बिचारा चालला, आणि जावई झाला.

अशा माणसाला रिव्हॉल्वर घ्यायची हौस आली. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. निजामाच्या फौजेत निशाणबाजीची बक्षिसं मारलेले एक खाँसाहेब उस्मानाबादेत राहत. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, म्हणून त्यांनी आपलं जुनं विलायती रिव्हॉल्वर विकायला काढलं होतं. लांब नळीचं, अक्रोडी मुठीचं, खास निशाणबाजीसाठी घडवलेलं. त्यातून त्यांनी एकही जीव घेतला नव्हता आणि पुढच्या मालकानंही घेऊ नये, एवढीच त्यांची अट. त्यापायी चांगली बडी गिऱ्हाइकं त्यांनी चहा पाजून वाटेला लावली होती. हे कानावर आल्यापासून मामांना अन्न गोड लागेना. खेटे घालून परवाना मिळवला आणि मला म्हणाले, "चल मास्तर. जनावर घ्यायला एकट्यानं जाऊ न्हाय."

खाँसाहेबांनी चामड्याच्या खोळीतून रिव्हॉल्वर काढून पुढं ठेवलं. मामांनी नळीच्या तोंडात डोळा घालून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला, चक्र फिरवून बैलाचे दात मोजावेत तशी गोळ्यांची घरं मोजली आणि खूश होऊन म्हणाले, "सहादाती हाय! भर उमेदीतलं जनावर." धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. खाँसाहेब मात्र हसले नाहीत. परसातल्या लिंबावर साळुंकी कलकलत होती. तिकडं कान देऊन म्हणाले, "सुना है, निशाणा अच्छा है. वो परिंदा गिराओ."

पाडली नाही तर सौदा मोडणार, पाडली तर मामांचा जन्माचा नेम मोडणार. मामांनी रिव्हॉल्वर हळूच खाली ठेवलं. "सायेब, पाखरू न्हाय पाडत आपुन. त्याबिगर ह्ये मिळणार नसंल तर ऱ्हाऊ द्या." मग कमरेची गोफण सोडत म्हणाले, "तिच्या शेजारची निंबोळी पाडतो. चालंल?"

गोफण फिरली.

"मियाँ, क्या गिरा?" खाँसाहेबांनी मला विचारलं.

"निंबोळी."

"और परिंदा?"

"भिंतीवर बसून शिव्या देतंय."

खाँसाहेब पहिल्यांदा हसले. "आज तक सब परिंदा ही गिराने उठे थे," म्हणाले. त्यांनी खोळीसकट रिव्हॉल्वर मामांच्या हातात दिलं. मामांनी खोळ तेवढी परत केली. "जनावर आमचं, दावं तुमचं. इकताना गळ्यातलं दावं देऊ न्हाय, गोठ्याची बरकत जाती." बैलबाजारातला हा रिवाज बंदुकीला लावणारा माणूस दुनियेत दुसरा झाला नसेल. खाँसाहेबांनी ती रिकामी खोळ दोन्ही हातांनी छातीशी धरली. मला काही तिकडं बघवेना.

पुढं मामांनी त्या रिव्हॉल्वरनं गोळी झाडली ती बांधावर टांगलेल्या वाळक्या भोपळ्यावरच. आणि मधूनमधून रिव्हॉल्वर घेऊन मामा उस्मानाबादेला जात. का, तर "जनावराला जुन्या धन्याची वढ आसती." खाँसाहेब त्याच्यावरून बोटं फिरवत बसत, मामा शेजारी चहा पीत बसत.

एका वर्षी हुरड्याच्या दिवसांत खाँसाहेबांची लेक मोटारीनं येरमाळ्याला आली. शेतावर येऊन तिनं ती खोळ मामांच्या हातात दिली. म्हणाली, "अब्बा गेले. ही तुम्हाला पोचवायला सांगितली होती."

ती गेल्यावर मामा बराच वेळ खोळ मांडीवर घेऊन बसले. मग समोरच्या कणसावर पाखरू बसलं, तसे सवयीनं उठले. गोफण फिरली, आणि खडा ताट सोडून भलतीकडंच गेला. पाखरू निवांत दाणे टिपत राहिलं.

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "वारं हाय रं."

रानात पानसुद्धा हलत नव्हतं. मी म्हणालो, "व्हय मामा, लई वारं हाय."