मंडळीचे बूट

माझं लग्न ज्या बुटांत लागलं ते माझे नव्हते. ते आमच्या मंडळीचे होते, म्हणजे नागपुरातल्या आमच्या छोट्याशा चर्चमधल्या सगळ्या माणसांचे मिळून. चर्चला घंटा एक, वाजवायची पेटी एक, प्रभुभोजनाचा प्याला एक, तसा बुटांचा जोडही एकच होता. तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात असायचा, आणि उन्हाळ्यात त्याचा वास पहिल्या तीन बाकांपर्यंत यायचा.

बूट कुण्या गोऱ्या मिशनरी साहेबाचे होते. साहेब विलायतेला जाताना ते विसरला की मुद्दाम आमच्यासाठी ठेवून गेला, यावरून मंडळीत दोन पक्ष पडले होते. मी तिसऱ्या पक्षात एकटाच होतो. माझं म्हणणं असं की ते बोटीत मावले नसतील.

आम्ही बहुतेक गिरणीतले लोक. आमचे आईबाप आजूबाजूच्या खेड्यांतल्या महारवाड्यांतून शहरात आलेले. त्या खेड्यांचा कायदा असा की आमच्यापैकी कोणी पाटलाच्या घरावरून जात असेल, तर वहाणा काढून हातात घ्यायच्या. नवरदेव असला तरी सुटका नाही. आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे पाद्रीबुवांना, या गोष्टीची भारी चीड. एरवी माणूस इतका गरीब की चर्चमध्ये शिरलेल्या बकरीलाही ‘आपण’ म्हणून हाकलायचा. पण वहाणांचा विषय निघाला की तापायचा. त्यांनी नियमच करून टाकला, की आपल्या मंडळीतला नवरदेव बूट घालूनच लग्नाला उभा राहील. नियम उत्तम होता. फक्त बूट घ्यायची ऐपत कोणाची नव्हती. म्हणून साहेबाचा जोड सार्वजनिक झाला.

त्या बुटांनी आमची फार सेवा केली. ते कचेरीत साक्ष द्यायला गेले, रेल्वेत नोकरीसाठी रांगेत उभे राहिले, म्युनिसिपालटीकडे नळ मागायला गेले आणि नळ घेऊनच परत आले. एकदा दोन भावांची लग्नं एकाच दिवशी निघाली, तेव्हा थोरल्यानं उजवा घातला आणि धाकट्यानं डावा. फोटोत दोघेही तो एकच पाय पुढे काढून उभे आहेत, आणि दुसरा पाय बायकोच्या लुगड्यामागे लपवला आहे. आपला पाय बुटाच्या मापाचा आहे की नाही हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. पाय ज्याचा त्याचा, बूट मंडळीचे.

आता नवरीबद्दल. भिवापूरच्या पुढच्या एका खेड्यात ख्रिस्ती झालेली तीन घरं होती. त्यातल्या एका घरातली पोरगी मी भिवापूरच्या बाजारात एकदाच पाहिली होती. ख्रिस्तजन्माच्या दिवसांत आम्ही तिथं गाणी म्हणायला गेलो होतो, आणि माझा आवाज फाटला तेव्हा ती खळखळून हसली. बाकीच्या बायकांनी पदर तोंडाला लावून हसण्याची मेहेरबानी केली. तिनं केली नाही. मला ती आवडली. इतकी आवडली की पुढं आठ दिवस गिरणीत साच्यावर माझा धागा सारखा तुटत होता आणि जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, माझ्या खानदानाचा उद्धार करत होता.

सोयरीक जुळवायला गेली आमची बायबलबाई. खेडोपाडी पायी हिंडून बायकांना बायबल वाचून दाखवणं हे तिचं काम. त्यासोबत मुलींना अक्षर शिकवणं, तापाचं औषध देणं आणि लग्नं जुळवणं हेही ती उरकायची. परत आली ती छत्री आपटतच.

“पोरगी म्हन्ते, नवरदेव गावातून, पाटलाच्या ओट्यावरून, बूट घालून येईन तं मी उभी राहीन. बांधाच्या वाटेनं आला, नाईतं बूट हातात घेऊन आला, तं तसाच वापस जाय म्हनाव.”

“तिच्या बापाचं काय म्हननं हाय?” मी विचारलं.

“बाप काय म्हनन? बाप दोनदा खाली बसला, दोनदा उठला. पोरगी आयकून नाई राहिली त्याचं.”

झालं! मी भित्रा माणूस, हे सरळ सांगून टाकतो. गिरणीचा भोंगा वाजला की मी दचकायचो, आणि तो रोज वाजायचा. पण ती पोरगी मला हवी होती. बूट घातले तर पाटील आहे, काढले तर पोरगी नाही, अशा पेचात मी महिनाभर जेवण अर्धं केलं. आईला वाटलं, लग्नासाठी बारीक होऊन राहिला.

बूट घालून पाहिले तर आणखी पंचाईत. माझे पाय आईवर गेलेले, इवलेसे. एकेका बुटात गिरणीतली पसाभर रुई कोंबली, तरी मी डावीकडे वळलो की बूट आपले समोरच पाहत राहायचे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी मला चर्चभोवती तीन फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीत एक बूट मागं राहिला, आणि ते मला कोणी सांगेपर्यंत कळलंच नाही.

लग्नाच्या दिवशी नागपूरच्या इतवारी स्टेशनाहून सुटणाऱ्या छोट्या गाडीनं वऱ्हाड निघालं. पेटी मांडीवर, वऱ्हाडी एकमेकांच्या मांडीवर. भिवापूरला उतरून दोन कोस चालत गेलो. गाव दिसायला लागलं तशी बायबलबाईनं मला शेताच्या धुऱ्यावर बसवलं, पदरातून सुतळी काढली आणि बूट माझ्या पायांना बांधायला घेतले. खालून वरून, घोट्याभोवती, पुन्हा खालून. ती जन्मानं खेड्यातली. कडब्याचे भारे बांधत मोठी झालेली. गाठ मारून तिनं तीवर छत्रीची मूठ ठोकली.

“आता पाय निघन पन बूट नाई निघनार,” ती म्हणाली.

मग मिरवणूक गावात शिरली. पुढे काळ्या झग्यात पाळकसाहेब, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे गळ्यात पेटी अडकवलेला पेटीवाला, बायबलबाई आणि गाणं म्हणणारी मंडळी. दिवस मिरची वाळवायचे. भिवापूरची मिरची काय चीज आहे हे ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं खाल्लं नाही त्याला सांगून पटायचं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लालभडक सडे पडले होते. पहिलं कडवं संपायच्या आत मंडळी शिंकायला लागली. एका ओळीत दोन शब्द देवाचे आणि चार शिंका, असं आमचं स्तोत्र पुढं सरकत होतं. साहेबाचे बूट करकरत होते. पाळकसाहेब तेवढे ताठ चालले होते. त्यांच्या नाकाला तपकिरीची सवय होती.

पाटलाचा ओटा आला. पाटील चार माणसं घेऊन बसलेलाच होता. मिशा पांढऱ्या, हातात अडकित्ता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सावकाश माझ्या पायांकडे पाहिलं. अडकित्ता थांबला. मग पाटील खोकलला.

बस, एवढंच. तो रागानं खोकलला की मिरचीचा ठसका लागला, हे मला आजतागायत माहीत नाही. तेव्हा मात्र मला तो खोकला म्हणजे हुकूमच वाटला. डोक्यानं काही ठरवायच्या आत माझे गुडघे वाकले, मी रस्त्यात खाली बसलो आणि दोन्ही हातांनी बूट सोडायला लागलो. डोळ्यांसमोर ती हसणारी पोरगी आली, तिचा बाप आला, पंच आले, तरी हात काही थांबेनात. सुतळी ओढतोय, गाठ उकलतोय, नखं मोडतोय. गाठ ढिम्म हलेना!

इथं आमच्या मंडळीची एक खोड सांगायला हवी. जन्म साच्यांच्या खडखडाटात गेल्यामुळे आमच्यातले निम्मे लोक ठार बहिरे. पाळकसाहेबांचं बोलणं मागच्या बाकांना कधीच ऐकू जात नसे. म्हणून सगळ्यांनी एक सोपी रीत धरली होती, की पुढचा माणूस गुडघ्यावर गेला की आपणही जायचं. प्रार्थना चालू झाली असणार. तर मी खाली बसताच माझ्यामागचा पेटीवाला पेटीसकट गुडघ्यावर गेला. त्याला पाहून त्याच्यामागचे गेले. क्षणभरात सबंध वऱ्हाड पाटलाच्या दारात, मिरच्यांमध्ये, डोळे मिटून गुडघ्यांवर.

गाणं थांबलं म्हणून पाळकसाहेबांनी मागं वळून पाहिलं. आपली मंडळी अशा जागी, कोणी न सांगता, प्रार्थनेला बसलेली पाहून ते भारावले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि मोठ्यांदा म्हणाले, “हे परमेश्वरा, आकाश आणि पृथ्वी यांच्या निर्माणकर्त्या...”

आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना म्हणजे काय, हे आम्हालाच माहीत. ती आकाश-पृथ्वीपासून निघायची आणि एकेका मुक्कामावर थांबत नागपूरच्या म्युनिसिपालटीपर्यंत यायची. त्या दिवशी वाटेत पाटील लागला. त्यांनी पाटलासाठी मागितलं, त्याच्या बैलांसाठी मागितलं, त्याच्या मिरचीला भाव मागितला आणि त्याच्या खोकल्याला उतार मागितला. मध्येच कोणी शिंकलं की ते “आमेन” समजून पुढं जात.

मी वाकूनच होतो. गाठ सुटत नव्हती. घाम नाकावरून बुटावर टपकत होता. एक डोळा उघडून ओट्याकडे पाहिलं, तर पाटील उभा! हात जोडलेले, मान खाली. आणि जोडे पायांत नाहीत, बाजूला काढून ठेवलेले. त्याच्यासोबतची चारही माणसं तशीच. देवाचं नाव कोणी का घेईना, जोडे घालून ऐकायचं नाही, ही त्याला लहानपणापासूनची शिकवण असणार. पाळकसाहेबांचे जोडे झग्याखाली झाकलेले. आमची माणसं अनवाणीच. सगळ्या रस्त्यात दिसतील असे बूट घालून होतो तो मी एकटा, आणि तोही ते काढता येत नव्हते म्हणून.

“आमेन” झालं. बायबलबाईनं छत्रीचं टोक माझ्या पाठीत खुपसलं. “ऊठ गा, झालं. आता काय रात्रभर करतं?” मी उठलो. पाय मागं वळू पाहत होते, पण बूट त्यांना धरून होते. करकर करत आम्ही पाटलाच्या घरावरून पार झालो. पाटलानं जोडे पायांत सरकवले ते आम्ही गेल्यावर.

महारवाड्याच्या कोपऱ्यावर एका पडक्या भिंतीवर नवरी चढून उभी होती. नवरीनं असं भिंतीवर चढायचं नसतं, पण सांगणार कोण? तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बूट पाहिले, मान हलवली आणि खाली उतरली. लग्न लागलं.

नागपूरला परतेपर्यंत मी शूर झालो होतो. पाळकसाहेबांनी रविवारी माझ्यावर सबंध उपदेश केला. मंडळीचा नवरदेव पाटलाच्या दारात प्रार्थनेला गुडघे टेकतो, आणि बूट घालून टेकतो, असं म्हणताना त्यांना रडू आलं. मला पंच केलं. नव्या नवरदेवांना धीर द्यायला मला पाठवू लागले. मी जायचो, धीर द्यायचो, चहा पिऊन यायचो. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. बारा वर्षं त्या गाठीच्या जिवावर मी मंडळीतला वाघ म्हणून मिरवलो.

गावात मात्र पाटलाच्या हिशेबात ती गोष्ट नीट बसायला चार दिवस लागले. मग माझ्या सासऱ्यांना काम मिळेना, खळ्यावर कोणी उभं करेना. अकरा-बारा वर्षं त्यांनी कशीबशी काढली, शेवटी मंडळीनंच त्यांना नागपूरला आणलं, चर्चची घंटा वाजवायचं काम दिलं आणि मागची खोली दिली. वर्गणी काढून चपलांचा नवा जोड दिला, तो त्यांच्या स्वतःच्या मापाचा. पहिल्याच दिवशी मी त्यांना शहर दाखवायला निघालो. पाहतो तो चपला काखेत.

“काहून मामाजी, चावून राहिल्या काय?”

“नाई गा जावाई,” ते हळूच म्हणाले, “इथं तं सारीच घरं पाटलाच्या घरापेक्षा मोठी हायेत. घालू कुठं?”

मी हसलो. मग ती गाठ आठवली. संध्याकाळी बायको चुलीपुढे भाकरी थापत होती, तिच्याजवळ जाऊन बसलो आणि बारा वर्षांचं एकदम ओकून टाकलं.

“मी प्रार्थनेले नोहतो बसलो वं. बूट काढून राहिलो होतो. गाठच सुटली नाई.”

“मले मालूम हाय,” ती म्हणाली. हात थांबला नाही.

“कोनं सांगतलं?”

“कोन सांगन? मी भिंतीवरून पाहून राहिली होती. त्याच जागेवर माह्या बापाचे हात तसेच खाली जातानी पायले मी, जलमभर. मले नाई समजन?”

“मंग काहून केलं लगन?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पीठ लागलेले हात परातीत झटकले आणि त्या हातांकडे पाहत म्हणाली,

“बापाच्या मांगं मीबी चालत होती नं. त्या ओट्यापाशी माहेबी हात वहाना काढाले खाली जात. माह्या पायात तं कधी काईच नोहतं.”