लग्नाच्या सीडीतली आई

मंडळी, सकाळपासून एक कोडं सुटत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो.

वारूळवाडीच्या सुनंदाताई स्वतःच्या लग्नाची सीडी घेऊन माझ्या फोटोच्या दुकानात आल्या. त्यांची आई नुकतीच वारली. रविवारी पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे आणि घरात आईचा एकही फोटो नाही. "भाऊ, यातनं आमची आई काढून द्या," म्हणाल्या.

व्हिडिओवर नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तर काळा चौकोन मिळतो. आधी प्लेअरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करावं लागतं, हे माझं मी शोधलेलं. मग सेकंदाला पंचवीस चित्रं, ताईंना शेजारी बसवून एकेक पाहत बसलो.

पण शूटिंगवाल्याच्या हॅलोजनचा झोत आला की ताईंच्या आईचा पदर तोंडावर!

"लई लाजरी व्हती," ताई म्हणाल्या.

अखेर एक स्वच्छ फ्रेम सापडली. पूर्ण चेहरा, उघडे डोळे. मी खूश.

"ही आई नाय, भाऊ. ही उजेडाला भ्यालेली बाई हाय. जरा फुडं घ्या."

पंचाहत्तर चित्रं पुढे हॅलोजन नवरदेवाकडे वळला होता. मागे अंधारात पदर सोडून हसणारी, हलल्यामुळे पुसट झालेली एक बाई.

"थांबा! हीच."

"ताई, मोठी केली की चेहरा फुटेल, नुसते ठिपके दिसतील."

"फुटू द्या. घरातली समदी वळखतील."

तीच छापून दिली.

आता दोन्ही फ्रेम शेजारी लावून बसलोय. पहिलीत पापण्यासुद्धा मोजता येतात, दुसरीत नाक कुठं संपतं तेही कळत नाही. तरी मलाही दुसरीच खरी वाटते, आणि मी तर त्यांना कधी पाहिलेलंही नाही. माणूस माणसाला नेमकं कशावरून ओळखतो हो?