अर्धी वाकळ

आमच्या घरात वाकळ दोघींनी शिवायची असते. समोरासमोर बसायचं, आपापल्या काठाकडून टाके घालत यायचं आणि मधोमध भेटायचं. अर्धापूरला आईने जुन्या लुगड्यांची वाकळ मांडली, स्वतःची बाजू शिवली आणि माझी वाट पाहत बसली. मी लातूरला. तिथे भिशी, नाटकाच्या तालमी, परक्यांच्या लग्नांत माईकवरची बडबड, सगळ्याला मला वेळ होता.

"दिवाळीत येते, नक्की शिवू," मी दरवर्षी फोनवर सांगायची.

"हाव. कोणत्या सालच्या, ते बी सांग की."

आईला दिसेनासं झालं, तेव्हा मात्र मी शक्कल लढवली. वाकळ गुपचूप लातूरला नेली, माझी बाजू दुकानात मशीनवर मारून आणली आणि ऐटीत तिच्या मांडीवर टाकली. "घे, झाली माझी बाजू!"

आईची बोटं तिच्या टाक्यांवरून सरकत मधोमध आली आणि थांबली.

"लई सरळ शिवलीस गं," ती म्हणाली. "पाव्हण्यांला ठेव."

त्या घरी मुक्कामाला येणारी पाहुणी मी एकटीच. दर खेपेला आई मला तीच पांघरायला देते.