पेन्सिल जाईपर्यंत

चंद्रपूरच्या एका रक्तपेढीत, भाचीच्या गटाची शेवटची पिशवी शिल्लक असताना, मला त्या बाई भेटल्या. चष्मा कपाळावर, आवाज फौजदाराचा. मी चिठ्ठी दिली, तर त्यांनी मलाच टेबलाखाली बसवलं.

"भाऊ, तो प्लग दाबून धरा. ढिला हाये. सुटला तं सगळं जाईन."

उकिडवा बसून, मान वाकडी करून मी संगणकाच्या पडद्याकडे पाहू लागलो. भाचीचं नाव, गट, सगळं दिसत होतं.

"झालं ना?"

"नाई. नावाच्या कडेले पेन्सिलचं चित्र दिसते ना? ते हाये तोवर आपण फक्त लिहिलं, मशीननं ठेवलं नाई."

त्यांनी डावा तळहात उंचावला. माझ्यामागची सारी रांग जागीच थांबली. तेवढ्यात पंखा मंदावला. घामानं माझी बोटं प्लगवरून घसरू लागली, आणि पेन्सिल काही हलेना.

मग ती गेली. तिथे छोटासा त्रिकोण आला. तळहात खाली आला, शिपाई पिशवी आणायला धावला. मी उठू लागलो.

"बसा, भाऊ," बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "मागच्याची पेन्सिल आली."

मी पुन्हा प्लग दाबला, आधीपेक्षा घट्ट.