शिवलेलं प्रकरण

“महाराज पोरींना शिकवत्यात, पण पुस्तकातलं लग्नाचं प्रकरण त्यांच्या हातात कसं द्यायचं?” संस्थानच्या वाचनालयाचे कारकून शिपायाला सांगत होते.

नामवंत कादंबरीकाराच्या आठवणींचं ते पुस्तक मीच मागितलं होतं. माझं लग्न ठरलं होतं आणि मी चोरून गोष्टी लिहीत होते. लग्नानंतर लेखणी टिकते का, एवढंच मला पाहायचं होतं.

बायकांना पुस्तक देण्याआधी कारकून नको ती पानं दोऱ्याने शिवत. टाके मात्र सुबक. मग त्यातलंच अर्धं सांगून जीभ चावत.

“या लेखकाची बायको रोज दौत लपवायची बघा, ताईसाहेब! मग एक दिवस यानं...” त्यांनी शिवलेलं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

वर्षभर मी त्यांच्यापुढे नुसती मान हलवत आले होते.

“पुढचं सांगा, काका,” मी म्हणाले, “नाहीतर कात्री द्या.”