बाबांनी काहीच दाबलं नव्हतं

मंडळी, आज मलकापूरला घरी आलेय. माझे निवृत्त शिक्षक बाबा वऱ्हाडी शब्दांची यादी टाईप करायचे, पण त्यांचा कॉम्प्युटर मधेच बंद पडायचा. फोनवर मी म्हणायचे, "बाबा, तुमीच काहीतरी दाबलं असन."

शेवटी त्यांनी टाईप करणंच सोडलं.

आज मी लॉग, म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतः ठेवलेल्या नोंदी, उघडला. रॅममध्ये (मेमरीत) बिघाड आहे, असं यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमनं, फर्मवेअरनं, कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पुन्हा पुन्हा कळवलं होतं. कर्नलनं प्रत्येक वेळी नोंदही ठेवली होती. माझं कामच असे लॉग तपासायचं, तरी मी बघितलं नव्हतं.

"म्हंजे माह्या हातानं नाही बिघडला?" बाबांनी हळूच विचारलं.

"नाही बाबा. माहं चुकलं."

नवी रॅम बसवली. बाबांनी खुर्ची पुढं ओढली आणि शब्दांची यादी उघडली.

न तपासताच घरच्या कोणाला असं बोललात का कधी?